गोधडी : कला, कष्ट आणि कमाई

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, असे आपण सर्वजण शाळेत शिकलो. या यादीत पांघरुणाचे नाव कोणी वेगळे घेत नाही. पण थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या शेतात रात्री जागल करणाऱ्या माणसाला विचारावे. तो भाकरीच्या खालोखाल पांघरुणाचेच नाव घेईल. आपल्या रिठद-रिसोड परिसरात ही गरज पिढ्यान् पिढ्या ज्या वस्तूने भागविली, ती वस्तू म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. घरातील लुगडी, पातळे, धोतरे विरली की ती धुऊन, एकावर एक अंथरून, हाताने टाके घालून आपल्या आया-आज्यांनी गोधड्या शिवल्या आणि घडवंचीवर त्यांची चळत रचून ठेवली.

आज ही चळत कमी होत चालली आहे. पानिपतची गुबगुबीत ब्लँकेटे आठवडी बाजारात मिळतात. शिकलेल्या मुलामुलींना पाहुण्यांपुढे गोधडी अंथरण्याचा संकोच वाटतो. त्याच वेळी मोठ्या शहरांतील दुकानांतून मात्र हाताने शिवलेली गोधडी म्हणून तीच वस्तू चांगल्या किमतीला विकली जाते. गोधडी शिवणारी मोठी मशीनेही आता मिळू लागली आहेत, आणि मशीन घ्यावे काय, कर्ज मिळेल काय, अशी विचारणा आमच्या भगिनी करू लागल्या आहेत. आपल्या घरची कला आपण टाकून द्यावी आणि दुसऱ्याने तिचा व्यवसाय करावा, हे आम्हांला योग्य वाटत नाही. परंतु हिशेब न करता कर्ज काढून मशीन घरात आणावे, हेही तितकेच अयोग्य आहे. म्हणून गोधडी म्हणजे काय, तिचा आपल्या धम्माशी संबंध काय, मशीन कसे चालते आणि या धंद्याचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

गोधडीची रचना

गोधडीला तीन अंगे असतात. वरचा दर्शनी थर, मधले पोट आणि खालचे अस्तर. दर्शनी थरावर रंगीत तुकडे जोडलेले असतात किंवा विरलेल्या जागी ठिगळे लावलेली असतात. पोटात जुन्या कापडाचे दोन-चार थर असतात. या सर्वांना आरपार धरून ठेवतो तो धावदोरा. बहुतेक ठिकाणी कडा आधी दुमडून पक्क्या करतात आणि मग कडेकडून आत येत ओळीमागून ओळ घालतात. टाका हे केवळ शोभेचे काम नव्हे. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत, आणि दोन थरांमध्ये थोडीथोडी हवा अडकून राहते. ही अडकलेली हवाच शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ थरांची गोधडी अधिक उबदार असते. जुने सुती कापड वारंवार धुतल्याने मऊ झालेले असते, म्हणून तान्ह्या बाळासाठीही त्याचीच दुपटी करतात.

ही कला केवळ आपलीच नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रियांची कवंदी ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी गावोगावचे नमुने गोळा करून इंग्रजीत सचित्र ग्रंथ लिहिला आहे. ज्या वस्तूला आपण चिंध्यांचे बोचके समजतो, तिच्यावर ग्रंथ निघतो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

एका गोधडीत किती श्रम असतात, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. आपण करून पाहू. गोधडी चार फूट रुंद व सहा फूट लांब आहे आणि ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत, असे धरू. म्हणजे ९६ ओळी झाल्या. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे एकूण ५७६ फूट, सुमारे १७५ मीटर शिवण. एका इंचात चार टाके धरले तर २७,६४८ टाके होतात. सुमारे अठ्ठावीस हजार वेळा सुई पाच थरांतून खाली जाते आणि वर येते. स्वयंपाक, धुणे, निंदण, वेचणी आटोपल्यावर उरलेल्या वेळात हे काम झालेले असते. म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

चीवर, कठिन आणि गोधडी

जुन्या कापडाचे तुकडे जोडून वस्त्र करणे ही गोष्ट आपल्या धम्माला नवीन नाही. भिक्खूंचे चीवरच मुळी तुकडे जोडून शिवलेले असते. विनयपिटकाच्या महावग्गात याची हकिकत आहे. दक्षिणागिरीकडे जात असताना मगध देशातील बांध घातलेली चौकोनी भातशेते तथागतांनी पाहिली आणि भिक्खूंसाठी अशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे आनंदांना विचारले. आनंदांनी तसे चीवर शिवून दाखविले. कापलेल्या, जोडलेल्या कापडाला बाजारात मोल राहत नाही, त्यामुळे चोरालाही त्याचा लोभ होत नाही, हा त्यातील व्यवहार होता. आजही चीवराकडे नीट पाहिले तर शेताचे बांध आणि वाफे दिसतात.

चुल्लवग्गात तर शिवणकामाची साधनेच सांगितली आहेत. कापड ताणून बसविण्याच्या चौकटीला कठिन म्हणत. वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत जे कठिन चीवरदान होते, त्याचे नाव या शिवणकामाच्या चौकटीशी जोडलेले आहे. दान मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून तयार व्हावे असा नियम असल्याने सर्व भिक्खू मिळून काम करीत. सुई टोचून बोटे दुखू लागली तेव्हा तथागतांनी अंगुस्तानाची अनुमती दिली. टाक्यांमधील अंतर कमीजास्त होऊ लागले तेव्हा खुणेची अनुमती दिली. ओळी वाकड्या होऊ लागल्या तेव्हा आधी खुणेचा दोरा घालण्याची अनुमती दिली. चौकट, अंगुस्तान, खूण आणि सरळ ओळ या चार गोष्टींचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता. पुढे मशीनचे वर्णन येईल तेव्हा वाचकांनी या चार गोष्टी आठवाव्यात.

कौशांबीच्या उदयन राजाची कथाही प्रसिद्ध आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, अशी राजाला शंका आली. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांची गादीची खोळ होईल, खोळीचे बस्कर होईल, बस्कराचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके होईल. आणि फडकेही झिजले की ते मातीत कालवून त्याने जमीन सारवू. ऐकून राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आजीने लुगड्याची गोधडी, गोधडीचे बस्कर आणि बस्कराचे पोतेरे केले, ते याच रीतीने.

उतरलेला कपडा आणि गोधडी

येथे काही समाजबांधव आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप रास्त आहे. जुन्या कपड्याशी आपल्या समाजाच्या फार कडू आठवणी निगडित आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. गावगाड्यात बलुत्याच्या नावाखाली उतरलेले कपडे आणि शिळे अन्न आपल्या पूर्वजांच्या पदरात टाकले गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे उपदेशले, ते मुख्यतः पेहरावाविषयी होते. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आमच्या माता-भगिनींनी ते तात्काळ आचरणात आणले. मग आता पुन्हा चिंध्यांचा धंदा कशाला, असे कोणी विचारील.

याचे उत्तर असे की, उतरलेला कपडा आणि गोधडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेला कपडा दुसऱ्याने आपली पायरी दाखवून दिलेला असतो आणि तो घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. गोधडी आपल्या घरच्या कापडाची, आपल्या हिशेबाने, आपल्या कौशल्याने केलेली असते. बाबासाहेबांचा विरोध दारिद्र्याच्या खुणा अंगावर लादून घेण्याला होता, कष्टाला नव्हता. भिक्खूही टाकलेल्या कापडाचे चीवर वापरीत, परंतु ते स्वेच्छेने, आणि त्याला कोणी हीन म्हटले नाही. म्हणून आम्ही म्हणतो की गोधडीची लाज नको. परंतु ती फुकटात किंवा पडत्या किमतीत देण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. तीही एक जुनी खूणच आहे.

लांब हाताचे मशीन

आता मशीनकडे वळू. घरच्या शिलाई मशीनवर गोधडी शिवता येते, पण फार त्रास होतो. त्याचे कारण मशीनच्या बांधणीत आहे. सुई आणि मशीनचा उजवीकडचा खांब यांमध्ये साधारण सहा-सात इंचांची जागा असते. चार फूट रुंदीची जाड गोधडी गुंडाळून त्या एवढ्याशा फटीत कोंबावी लागते. कापड ओढले जाते, थर सरकतात आणि चुण्या पडतात.

यावर उपाय म्हणून मशीनचा हात लांब केला गेला. अशा मशीनला लाँगआर्म असे नाव आहे. त्यात सुई व खांब यांमधील अंतर अठरा इंचांपासून तीस इंचांपर्यंत असते. परंतु खरा फरक वेगळाच आहे. साध्या मशीनमध्ये मशीन स्थिर असते आणि कापड सरकते. या मशीनमध्ये कापड चौकटीवर ताणून स्थिर ठेवलेले असते आणि मशीनच कापडावरून फिरते. दहा-बारा फूट लांबीच्या लोखंडी चौकटीला आडवे रूळ असतात. एका रुळावर अस्तर, दुसऱ्यावर दर्शनी थर गुंडाळलेला असतो. मशीनला खाली चाके असतात आणि ते पट्ट्यांवरून पुढेमागे, डावीउजवीकडे कोठेही सरकते. कारागीर दोन्ही हातांनी मुठी धरून, पाटीवर खडूने रेघ ओढावी त्याप्रमाणे, सुईने कापडावर नक्षी काढते. एक पट्टा शिवून झाला की रूळ फिरवून पुढचा पट्टा समोर घ्यायचा.

मशीन मिनिटाला दीड-दोन हजार किंवा त्याहूनही अधिक टाके घालते. पण हात हळू फिरला तर टाके बारीक पडतात आणि जोरात फिरला तर लांब पडतात. म्हणून नव्या मशीनमध्ये चाकांना जोडलेले एक यंत्र असते. हात किती वेगाने सरकत आहे ते मोजून ते सुईचा वेग आपोआप कमीजास्त करते आणि सर्व टाके सारखे ठेवते. नक्षीसाठी समोर कागदावर रेघ काढून ठेवतात आणि मशीनला बसविलेला प्रकाशाचा ठिपका त्या रेघेवरून फिरवितात. सुई कापडावर तीच रेघ गिरविते. संगणकाला जोडलेली मशीने तर स्वतःच नक्षी काढतात. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की चौकट, सारखे अंतर आणि खुणेची रेघ हे सर्व विनयातील कठिनाचेच काम आहे. फक्त अंगुस्तानाची गरज राहिली नाही.

अमेरिकेत अशी मशीने छोट्या व्यावसायिकांच्या हाती १९८० च्या दशकात पोहोचली. मिझुरी राज्यातील गॅमिल ही कंपनी त्यात अग्रेसर होती. आता भारतातही एका सुईची, चौकटीवर फिरणारी मशीने मिळतात.

मशीन घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, जागा. चौकटीभोवती माणसाला फिरता आले पाहिजे. म्हणजे किमान पंधरा फुटांची खोली हवी. दुसरी, वीज. विजेचा दाब खालीवर होत असेल तर मशीनच्या इलेक्ट्रॉनिक भागांना धोका असतो. तिसरी, दुरुस्ती. सुया, बॉबिन आणि सुटे भाग कोठे मिळतील आणि कारागीर किती दिवसांत येईल, हे आधी लेखी घ्यावे. चौथी, शिकणे. मशीन चालविण्यापेक्षा दोऱ्याचा ताण जुळविणे अवघड असते. वरचा दोरा सैल राहिला तर खालच्या बाजूला फासे दिसतात आणि माल नाकारला जातो.

पिठाच्या गिरणीचा न्याय

परदेशात या धंद्याची एक रीत आहे, ती आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते. तेथे गोधडीचा दर्शनी थर जोडणारी बाई वेगळी आणि मशीनवर टाके घालून देणारी वेगळी. मशीनवाली दुसऱ्यांच्या गोधड्या फक्त शिवून देते आणि शिलाई गोधडीच्या क्षेत्रफळावर आकारते. हे आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावातील पिठाची गिरणी याच न्यायाने चालते. दाणे ज्याचे त्याचे, दळण गिरणीचे. प्रत्येक घरी गिरणी नसते, आणि असण्याची गरजही नसते.

गोधडीच्या मशीनचेही तसेच आहे. गावातील वीस स्त्रियांनी वीस मशीने घेणे म्हणजे वीस कर्जे करून एकमेकींचे गिऱ्हाईक तोडणे होय. एका बचतगटाने एक मशीन घ्यावे, आणि रिठदच्या व आसपासच्या गावांतील स्त्रियांनी घरी तुकडे जोडून दर्शनी थर तयार करून आणावा. कल्पकता, रंगांची निवड, ठिगळांची मांडणी प्रत्येकीची स्वतःची राहील आणि अठ्ठावीस हजार टाक्यांचे कष्ट मशीन उचलील.

हिशेब काय सांगतो?

पुढील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

वर सांगितलेली गोधडी पूर्ण हाताने करायला ६० तास लागतात असे धरू. त्यातील २० तास कापणे, तुकडे जोडणे व कडा घालण्याचे, ४० तास टाके घालण्याचे. दोरा आणि थोडे नवे कापड मिळून ३०० रुपये खर्च. ही गोधडी १,५०० रुपयांना विकली तर हातात १,२०० रुपये राहतात. म्हणजे तासाला २० रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातील दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. म्हणजे कुशल कारागीर बाईला मातीकामाच्या निम्मीच मजुरी पडली. तेवढीच मजुरी धरायची तरी गोधडीची किंमत २,६४० रुपये व्हायला हवी. पूर्ण हाताची गोधडी याहून कमी किमतीत देणारी भगिनी स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत असते.

आता तीच बाई दर्शनी थर घरी जोडते आणि शिलाई २५० रुपये देऊन मशीनवर करून घेते. तिचे २० तास लागले. दोरा-कापडाचे १०० रुपये धरू. माल १,२०० रुपयांना विकला तर ८५० रुपये उरतात, म्हणजे तासाला साडेबेचाळीस रुपये. किंमत कमी होऊनही मजुरी दुपटीहून अधिक झाली. मशीनचा खरा फायदा हा आहे.

परंतु मशीनवाल्या गटाचा हिशेब काय? समजा, २ लाख रुपयांचे कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ४,४५० रुपये येतो आणि पाच वर्षांत सुमारे ६७ हजार रुपये व्याज जाते. एका गोधडीच्या २५० रुपये शिलाईतून दोरा, वीज, सुया, तेलपाणी यांचे ६० आणि चालविणारीच्या दोन तासांच्या मजुरीचे ९० रुपये वजा जाता १०० रुपये उरतात. म्हणजे नुसता हप्ता भरण्यासाठी वर्षाला ५३४ गोधड्या शिवल्या पाहिजेत. पेरणी-निंदणीच्या दिवसांत कोणाला उसंत नसते. वर्षातील आठ महिनेच काम मिळाले तर महिन्याला ६७ गोधड्या लागतील. मशीनला हे काम जड नाही. दोन तासांत एक धरली तरी १३४ तासांत ते होते. अडचण मशीनची नाही, कामाची आहे. महिन्याला ६७ गोधड्या कोण आणून देणार, या प्रश्नाचे उत्तर नसेल तर मशीन घेऊ नये.

कर्ज घेण्यापूर्वी

आम्ही बँकेत कारकून आहोत, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने सांगतो. कर्ज मिळणे हे यश नव्हे. ते फिटणे हे यश होय. व्यवसाय चांगला असूनही हप्ते थकतात, याचे एक कारण असे की कमाई हंगामी असते आणि हप्ता दरमहा असतो. म्हणून अर्जाच्या वेळीच आपला हंगाम सांगावा, पहिल्या काही महिन्यांची सवलत मागावी, आणि थंडीच्या दिवसांत जास्त व पावसाळ्यात कमी असा हप्ता बसतो काय, ते विचारावे.

योजना अनेक आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची स्थापना १९७८ ची आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे जिल्हा पातळीवरील कामांसाठी अकोल्याच्या खेपा वाचल्या. मुद्रा योजना २०१५ पासूनची आहे. तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या व महिला उद्योजकांसाठी ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा वाटा ठरविण्यात आला. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंप्याचा व्यवसाय आहे; गोधडीचे नाव त्यात वेगळे नाही. योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचा नियम शाखेत विचारून घ्यावा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी विहित नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणकाम आणि व्यवसायाचे प्रशिक्षण विनामूल्य मिळते. त्याचा लाभ कर्जाच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे.

आणि अनुदानाकडे पाहून मशीनची किंमत ठरवू नये. अनुदान एकदाच येते, हप्ता मात्र साठ वेळा येतो.

अलाबामातील भगिनी

असे काम गरीब स्त्रिया एकत्र येऊन करू शकतात काय? याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात गुलामांच्या वंशजांची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीत मतदार म्हणून नाव नोंदविले, म्हणून अनेकांना जमीनमालकांनी घरांतून हुसकावून लावले. अशा वेळी १९६६ साली या स्त्रियांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कमध्ये विकल्या गेल्या. पुढे सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम त्यांना मिळाले. संस्थेने जमीन घेतली, स्वतःचे शिवणकेंद्र बांधले आणि हुसकावलेल्या काही कुटुंबांना घरासाठी जागा दिली. ही संस्था २०१२ मध्ये बंद झाली. परंतु त्याच भागातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कीर्ती झाल्यावर आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असे म्हणून काही स्त्रियांनी २००७ मध्ये न्यायालयात दावे लावले. ते पुढे तडजोडीने मिटले. तात्पर्य, नियमित काम देणारे गिऱ्हाईक मिळविणे आणि करार लेखी ठेवणे, या दोन गोष्टी कलेइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपण काय करावे?

आमच्या मते सुरुवात मशीनने करू नये, वहीने करावी. एक संपूर्ण हंगाम, दिवाळीपासून होळीपर्यंत, गटाने किती गोधड्या शिवल्या, किती तास लागले, कोणी किती किमतीला घेतल्या, हे लिहून ठेवावे. आरंभ लहान वस्तूंनी करावा. बुद्धविहारांत वंदनेसाठी आसने लागतात. ध्यानाला बसणाऱ्यांना जाड बैठका लागतात. बाळंतिणीच्या घरी दुपटी लागतात. ही कामे घरच्या मशीनवर होतात आणि त्यांत भांडवल अडकत नाही. वहीत महिन्याला तीस-चाळीस नगांची कायम मागणी दिसू लागली की मशीनवाल्या गावी नेऊन शिलाई करून आणावी. तीही साठ-सत्तरवर गेली तर स्वतःच्या मशीनचा अर्ज करावा. अशी वही घेऊन आलेल्या गटाला शाखेत मान मिळतो, कारण तिच्यात गटाची पत लिहिलेली असते.

मालाविषयी सचोटी पाळावी. मशीनच्या टाक्याला हाताचा टाका म्हणून विकू नये. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. हाताच्या कामाची किंमत जास्त, मशीनच्या कामाची कमी. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच. मिळकतीचा विनियोग कसा करावा, हे तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सांगूनच ठेवले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग व्यवसायात घालावेत आणि चौथा अडचणीच्या काळासाठी ठेवावा. दुरुस्तीचा खर्च आणि पावसाळ्याचे हप्ते याच चौथ्या भागातून भरले जातात.

विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. या दिवाळीच्या सुटीत आपल्या आईजवळ किंवा आजीजवळ वही घेऊन बसा. ती गोधडी शिवीत असेल तर तिचे तास मोजा, ओळी मोजा, टाके मोजा. कोणते लुगडे कोणाचे होते, कडा कशी वळवली, पहिला टाका कोठून घातला, हे विचारून लिहून घ्या. मग तिच्या तासांना मजुरीने गुणून जी रक्कम येईल ती तिला मोठ्याने वाचून दाखवा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्यास सांगितले होते. मोजायचे तर कोठून तरी सुरुवात केली पाहिजे. ती आपल्या घरच्या गोधडीपासून करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

जयभीम!